दुर्मिळचा रफार

आमच्या वाचनालयाचं पोर्टल सुरू झालं त्या संध्याकाळी मी पेपर वाचायच्या टेबलापाशी गेलो आणि अण्णांच्या हातात माझा फोन दिला. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला, फोन डोळ्यांजवळ नेला, बराच वेळ बघत राहिले आणि मग हळूच विचारलं, "बाळा, हे दामळ ग्रथ म्हणजे काय रे?"

लिहिलं होतं 'दुर्मिळ ग्रंथ'. गडद निळ्या पट्टीवर पांढरी जाड अक्षरं, मला तर फार देखणी वाटलेली. पण मी ते शीर्षक स्वतः टाइप केलं होतं ना, त्यामुळे माझे डोळे ते आपोआप बरोबर वाचत होते. अण्णांनी विचारल्यावर नीट बघितलं तर पट्टीच्या वरच्या कडेला रफार कापला गेलेला, वेलांटीचा वरचा वळसा गायब, नुसता उभा दांडा उरलेला, तो द ला चिकटून कान्यासारखा दिसत होता. खाली द चा उकार पट्टीच्या बाहेर गेलेला. ग्रंथावरचा अनुस्वारसुद्धा गेला. म्हणजे जे दिसत होतं ते खरंच 'दामळ ग्रथ' होतं, अण्णांनी अगदी जसं दिसलं तसं वाचलं.

अण्णांनी एकतीस वर्षं छापखान्यात खिळे, म्हणजे एकेका अक्षराचे शिशाचे ठसे, जुळवलेत. आता डोळे अधू झालेत पण अक्षर कुठे दुखतंय ते त्यांना अजून लगेच कळतं. म्हणाले, "आपली ओळ तीन मजली असते. वर मात्रा, वेलांटी, रफार, मधे अक्षर, खाली उकार. तू मधल्या मजल्यापुरतंच घर बांधलंस. मधे लेड टाक."

मी दिवसा डीटीपी करतो, लग्नपत्रिका, हँडबिलं, अहवाल असं सगळं. लेडिंग हा शब्द माझ्या रोजच्या वापरातला, पेजमेकरच्या खिडकीत आकडा बदलला की ओळी लांब जातात एवढंच मला माहिती. पण लेड म्हणजे शिसं, दोन ओळींच्या मधे खरोखर शिशाची पातळ पट्टी हाताने सरकवायची, आणि रफार-मात्रांचे खिळे इतके नाजूक की ओळ नीट बसली नाही तर त्यांचं टोक मोडायचं, मग छापलेल्या पानावर अक्षर लंगडं दिसायचं, हे मला त्या टेबलावर बसून कळलं. वेबपेजवर लाइन-हाइट म्हणतात ते हेच शिसं. शिशाचं वजन तेवढं गेलंय, काम तेच आहे.

आता पोर्टलबद्दल सांगतो. आमचं पोर्टल जूमलावर आहे, म्हणजे वेबसाइट बनवायची आणि चालवायची एक तयार सिस्टीम. आधी मॅम्बो नावाची अशीच एक सिस्टीम होती, तिच्यातून बाहेर पडलेल्या लोकांनी सप्टेंबर २००५ मध्ये जूमलाची पहिली आवृत्ती काढली, फुकट आणि सगळ्यांसाठी खुली. नाव घेतलंय स्वाहिलीतल्या 'जुमला'वरून, अर्थ सगळे मिळून. मुळात शब्द अरबी, आणि आपल्याकडेही आलेला, जुन्या मराठी हिशेबांत एकूण बेरजेला जुमलाच म्हणायचे. मला हे कळलं तेव्हा इतकं बरं वाटलं, म्हणजे सिस्टीम परक्या देशातली पण नाव आपल्या खतावणीतलं.

टेम्प्लेट म्हणजे काय हे आमच्या समितीला समजावताना मी लग्नपत्रिकेचंच उदाहरण दिलं. दुकानात अल्बम असतो, गिऱ्हाईक पानं उलटतं, एक डिझाइन पसंत करतं. त्यात वर गणपती, त्याखाली कुलदैवतांची नावं, मधे वधूवरांची, मग मुहूर्त, स्थळ, एका कोपऱ्यात निमंत्रक, आणि सगळ्यात शेवटी चिमुकल्यांचं 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं'. मजकूर दर लग्नाला बदलतो पण कुणाची जागा कुठे ते ठरलेलं. टेम्प्लेटमध्येही असंच, त्या जागांना पोझिशन म्हणतात आणि त्या जागेत जे बसतं ते मॉड्यूल. टेम्प्लेटच्या ऑप्शनमध्ये जाऊन पोझिशनचा प्रिव्ह्यू चालू करायचा आणि पानाच्या पत्त्याला प्रश्नचिन्ह देऊन टीपी बरोबर एक लिहायचं, की सगळं पान चौकोनांत वाटलेलं दिसतं, प्रत्येक चौकोनावर त्याचं नाव. मी ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा पाच मिनिटं नुसता बघत बसलो होतो. डिझाइनच्या आतलं माप असं उघडं करून दाखवणारा अल्बम माझ्या दुकानात कधी आला नाही.

पण पत्रिकेतही हे होतंच की, अल्बममध्ये सुंदर दिसलेल्या डिझाइनमध्ये गिऱ्हाइकाची नावं बसत नाहीत. तिथे नमुन्याला छोटी नावं असतात, आणि प्रत्यक्षात येतात आजोबांच्या नावासकट, पदवीसकट, गावासकट. आमचं पहिलं टेम्प्लेट एका कंपनीकडून विकत घेतलेलं. डेमो बघून समिती खूश. मोठा स्लायडर, म्हणजे आपोआप सरकणारी चित्रं, डोंगरांचे फोटो, शीर्षकं दोन-दोन शब्दांची इंग्रजी, आणि मजकुराच्या जागी ते लोरेम इप्सम, सिसेरोच्या लॅटिन ग्रंथातून मोडतोड करून घेतलेलं, ज्याला अर्थ नाही म्हणूनच वापरतात. लॅटिन अक्षराला वर मात्रा-रफार नाही, खाली उकार नाही, शब्द सुटसुटीत, त्यात कुठलंही टेम्प्लेट छानच दिसणार. आम्ही त्यात 'वर्गणीदारांसाठी सूचना' असा मेन्यू टाकला आणि तो दोन ओळींत मोडून खालच्या चित्रावर चढला. मराठीत विभक्ती, शब्दयोगी अव्यय सगळं शब्दाला चिकटतं, 'वाचनालयाच्या' हा एकच शब्द, 'सभासदांसाठीच्या' हा एकच शब्द, आणि शब्द तोडून पुढच्या ओळीत न्यायची ब्राउझरची सोय तेव्हा आपल्यापर्यंत धड पोचलेली नव्हती. त्यामुळे अरुंद कॉलममध्ये जस्टिफाय केलं, म्हणजे दोन्ही कडा सरळ लावल्या, की ओळीत दोन शब्द आणि मधे एवढं मोठं मैदान. डावीकडे लावून उजवी कड मोकळी सोडली तेव्हा कुठे वाचता यायला लागलं. माझं ठाम मत आहे, मराठी मजकूर फोनवर जस्टिफाय करू नये, कुणी कितीही सांगू दे.

शेवटी ते विकतचं टेम्प्लेट सोडलं आणि जूमलाच्या सोबत येणारं प्रोटोस्टार घेतलं. साधं, जवळपास काहीच नटलेलं नाही, पण आत काय चाललंय ते कळतं. त्यानंतर दोनेक महिने रोज रात्री दुकान बंद केल्यावर मी हेच करत होतो. लोरेम इप्सम काढून टाकलं आणि माझी स्वतःची एक चाचणीची ओळ केली: दुर्मिळ, कर्तृत्व, स्फूर्ती, वर्षानुवर्षं, ट्रॅक्टर, ऑफिस, तऱ्हा, ऱ्हास, शृंगार. ज्यात वरती टोकाला जाणारं आणि खालती लोंबणारं जे जे आहे ते सगळं आलं. ही ओळ प्रत्येक जागी टाकून बघायची, शीर्षकात, मेन्यूत, बटणात, तक्त्यात, आणि एकाखाली एक दोनदा टाकायची म्हणजे वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला भिडतो का ते दिसतं.

भिडत होता, जवळपास सगळीकडे. पट्टीची उंची पिक्सेलमध्ये ठरवलेली, आत लाइन-हाइट बरोबर अक्षराच्या साइजएवढी आणि वर ओव्हरफ्लो हिडन, म्हणजे पट्टीबाहेर गेलेलं दाखवायचं नाही, कापायचं. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की रफार गेलाच. उंची काढून टाकली, वर-खाली पॅडिंग, म्हणजे मोकळी जागा, दिली, लाइन-हाइट मजकुराला १.७ आणि शीर्षकाला १.४ केली. मेन्यूला लेटर-स्पेसिंग होती, इंग्रजी कॅपिटल अक्षरं जरा सुटी दिसावीत म्हणून डिझायनर देतात. देवनागरीत तीच दोन पिक्सेलची जागा सरळ शिरोरेषा तोडते, वा च ना ल य असं दिसतं, शब्दाचा कणाच मोडतो. ती शून्य केली. इटालिक काढलं, कारण आपल्या फाँटात खरं तिरकं अक्षर बहुतेक वेळा नसतंच, ब्राउझर सरळ अक्षर ढकलून वाकडं करतो.

एका रात्रीचं मात्र सांगायलाच हवं. हे सगळे बदल मी प्रोटोस्टारच्या मूळ सीएसएस फाइलमध्ये, म्हणजे पान कसं दिसावं ते जिथे लिहिलेलं असतं तिथे, करत होतो. एक दिवस जूमलाचं अपडेट आलं, सुरक्षेचं होतं, ते करायलाच हवं म्हणून बटण दाबलं, दोन मिनिटांत झालं, आणि पोर्टल उघडलं तर रफार परत कापलेले. अपडेटने मूळ फाइल नवीन आणून टाकली आणि माझे दोन महिने तिच्याखाली गेले. कॉपी कुठे ठेवलेली नव्हती. मी दुकानात तसाच बसून राहिलो, घरून दोनदा फोन आला तेव्हा उठलो. नंतर वाचून कळलं की हे करायची नीट वाट होती, प्रोटोस्टारच्या सीएसएस फोल्डरमध्ये यूजर डॉट सीएसएस नावाची आपली फाइल ठेवायची, ती असली तर टेम्प्लेट ती शेवटी वाचतं आणि अपडेट तिला हात लावत नाही. आणि एखाद्या भागाची रचनाच बदलायची असेल तर टेम्प्लेटच्या एचटीएमएल फोल्डरमध्ये त्याची प्रत ठेवून ती बदलायची, त्याला ओव्हरराइड म्हणतात. मूळ टेम्प्लेटचीही एका बटणावर कॉपी होते, तिला आपलं नाव द्यायचं. हे वाचत असताना दुकानातला मास्टर पेजचा नियम डोक्यात येत होता, गिऱ्हाइकाचं काम कधीही मूळ फाइलवर करायचं नाही, आधी प्रत काढायची. दुकानात मी तो वर्षानुवर्षं पाळतोय. सगळं परत लिहिलं, या वेळी नऊ दिवसांत झालं, कारण कुठे काय दुखतं ते पाठ झालेलं.

मग एक वेगळीच गोष्ट अण्णांनी दाखवली. म्हणाले, "हा ल आपला नाही." आणि खरंच, पोर्टलवर सगळीकडे हिंदीतला दंडाचा ल दिसत होता. आपला पाकळीचा ल, देठाचा श, शाळेत बालभारतीच्या पुस्तकात गिरवलेला. २००९ च्या नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्र शासनाने वर्णमालेबद्दल जो निर्णय काढला त्यातही पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हीच रूपं दिलीयत. मला वाटलं फाँट बदलावा लागणार. पण गंमत अशी की फाँट आम्ही नोटो सान्स देवनागरी घेतलेला, त्यात दोन्ही रूपं असतात, फक्त पान मराठीत आहे हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं. पोर्टलची साइट-भाषा बसवताना इंग्रजी ठेवली गेलेली, त्यामुळे प्रत्येक पानाच्या पहिल्याच टॅगमध्ये 'हे पान इंग्रजी आहे' असं लिहिलेलं. आत सगळं मराठी आणि दारावर पाटी इंग्रजीची. टेम्प्लेटच्या आमच्या प्रतीतल्या इंडेक्स फाइलमध्ये त्या एका ठिकाणी भाषेचा कोड बदलून एमआर केला, पान रिफ्रेश केलं आणि सगळ्या पानावरचे ल एकदम पालटले. 'वाचनालय', 'लेखक', 'ललित', 'शाळा', 'शोध'. मी मोठ्याने "अहो अण्णा!" म्हटलं तर सगळा पेपर-विभाग माझ्याकडे बघायला लागला, आणि वाचनालयात एवढ्या मोठ्याने बोलायचं नाही हे आमच्या ग्रंथपाल मॅडमनी खुणेने सांगितलं. दोन अक्षरांचा बदल होता तो. याचा आणखी एक उपयोग नंतर कळला, ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही ती माणसं पान ऐकतात ना, त्यांचा स्क्रीन रीडर हाच कोड बघून कुठल्या भाषेत वाचायचं ते ठरवतो. आमच्या दोन सभासदांना त्याची गरज आहे.

फाँट उतरायच्या आधी किंवा उतरलाच नाही तर काय दिसतं तेही बघावं लागतं. जुन्या विंडोजवर मंगल येतो, आर. के. जोशी सरांनी केलेला, आपल्या कितीतरी लोकांनी युनिकोड मराठी, म्हणजे फाँट बदलला तरी अक्षरं न बदलणारी, पहिल्यांदा वाचली ती त्याच अक्षरांत. विंडोज आठपासून निर्मला आला. प्रत्येकाची उंची वेगळी, म्हणून पट्टीला थोडी जागा जास्तच ठेवायची, अगदी मापात शिवायचं नाही.

लेआउटवर समितीत बरीच चर्चा झाली. सगळ्यांना वाटायचं की पहिल्या पानावर वर इमारतीचा मोठा फोटो हवा, आणि त्यात चूक काही नाही, लोकवर्गणीतून वीट-वीट करून उभी राहिलेली इमारत आहे ती, ज्यांनी वर्गण्या गोळा केल्या ती माणसं समितीत बसलेली. पण मी महिनाभर काउंटरवर बसून लिहून काढलं होतं की लोक फोन करून काय विचारतात. वाचनालय उघडं आहे का, अमुक पुस्तक आलंय का, वर्गणी किती, मुलांना घेऊन आलं तर चालेल का. बहुतेक लोक पोर्टल फोनवर बघणार, आणि फोनवर प्रोटोस्टारचा उजवा कॉलम, ज्याला त्यात पोझिशन सात म्हणतात, तो मजकुराच्या खाली जातो. आम्ही वेळा तिथे ठेवल्या होत्या. म्हणजे सकाळी आठला दाराशी उभ्या असलेल्या बाईंना वाचनालय किती वाजता उघडतं ते बघायला इतिहास, उद्दिष्टं, कार्यकारिणी असं सगळं सरकवत तळाला जायला लागायचं. मी तो कागद समितीसमोर ठेवला. वेळा पोझिशन तीनमध्ये आणल्या, मजकुराच्या डोक्यावर, आणि नवीन पुस्तकं त्याच्या लगेच खाली. इमारतीचा फोटो बॅनरच्या जागी ठेवला, पण उंची कमी करून, आणि फोटो निवडला तो दरवाजा उघडा असलेला, आत माणसं बसलेली दिसतात तो. अध्यक्षांनीच तो त्यांच्या जुन्या अल्बममधून शोधून आणला.

छोट्या छोट्या गोष्टी तर किती. लेखाखाली इंग्रजीत 'रीड मोअर' यायचं ते लँग्वेज ओव्हरराइडमध्ये, म्हणजे सिस्टीमचे शब्द बदलायच्या जागी, जाऊन 'पुढे वाचा' केलं. शोधायच्या चौकटीत 'सर्च'च्या जागी 'पुस्तक किंवा लेखक' लिहिलं, तर लोक खरंच पुस्तकाचं नाव टाकायला लागले. जुन्या सूचना, अहवाल वगैरे युनिकोडच्या आधीच्या फाँटांत टाइप केलेले, ते पेस्ट केले की रोमन अक्षरांचा नुसता काला दिसायचा, ते सगळं कन्व्हर्टरने बदलून परत वाचून काढलं. त्यात मॅडमचा निम्मा पावसाळा गेला.

२०२३ च्या १७ ऑगस्टला जूमला तीनची देखभाल संपली, मग चारवर जावंच लागलं, आणि तिथे प्रोटोस्टार नाही. कॅसिओपिया नावाचं नवीन टेम्प्लेट, आतली सगळी घडण बूटस्ट्रॅप पाचवर, बूटस्ट्रॅप म्हणजे पानाच्या मांडणीचा तयार सांगाडा, आणि प्रोटोस्टार त्याच्या दोनवर होतं, त्यामुळे जुने कॉलम, जुने क्लास काही चालेना. पोझिशनची नावंही बदलली, आकड्यांऐवजी टॉप-ए, मेन-टॉप, साइडबार-राइट अशी, ती मला जास्त आवडली, नावावरून जागा कळते. चार पॉइंट एकपासून चाइल्ड टेम्प्लेटची सोय आलीय, मूळ टेम्प्लेटला न दुखावता त्याचं लेकरू काढायचं आणि आपले बदल त्याच्यात ठेवायचे. आमच्या त्या चाइल्ड टेम्प्लेटला नाव दिलंय 'जुळारी'. खिळे जुळवणाऱ्याला जुळारी म्हणायचे, अण्णांच्या पगारपत्रकावर तोच शब्द असायचा.

सगळं नवीन टेम्प्लेटवर बसवून झालं तेव्हा पहिलं शीर्षक मी तेच टाकलं. अण्णा आता रोज येत नाहीत, गुडघे दुखतात, म्हणून मीच घरी गेलो. त्यांनी फोन हातात घेतला, दोन बोटांनी 'दुर्मिळ ग्रंथ' मोठं केलं, अजून मोठं केलं, स्क्रीनवर फक्त 'र्मि' मावेल इतकं, आणि त्या रफारावरून अंगठा फिरवला, पूर्वी खिळ्याचं टोक शाबूत आहे का ते बघायला फिरवत असतील तसा. मग पान पुढे सरकवत गेले. सभासदांच्या कवितांचं नवीन सदर आम्ही सुरू केलंय, तिथे येऊन थांबले.

"ही गद्याच्या मापात लावलीयस," म्हणाले. "कवितेच्या ओळीत अजून एक लेड लागतं. आणि लांब ओळ मोडली तर मोडलेला तुकडा आत घ्यायचा, नाहीतर वाचणाऱ्याला वाटतं नवीन ओळ सुरू झाली."

ते बरोबर आहे, फोनवर प्रत्येक लांब ओळ मोडते आणि मोडलेला तुकडा डावीकडे येऊन नव्या ओळीसारखाच दिसतो. कवितेसाठी वेगळा लेआउट ओव्हरराइड करायला घेतलाय. लाइन-हाइट १.९ करून बघितलीय, ओळ मोडली तर पुढचा भाग दोन अक्षरं आत जातोय, पण दोन कडव्यांमधली जागा अजून मनासारखी येत नाहीये. रविवारी परत फोन घेऊन अण्णांकडे जाणार आहे.